टॅब हातात दिला तर मूल बोलणारच नाही? 'एएसी'बद्दलचे गैरसमज आणि वास्तव

'आत्ताच टॅबची सवय लावलीत तर तो तोंड उघडणारच नाही.' ऑटिझम असलेल्या आणि अजून न बोलणाऱ्या मुलांच्या पालकांना हे वाक्य नातेवाइकांकडून आणि कधीकधी थेरपिस्टकडूनही ऐकायला मिळतं. सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो. पण संशोधनाचा त्याला आधार नाही आणि वाट पाहण्यात मुलाची मोलाची वर्षं जातात.

एएसी म्हणजे नेमकं काय?

ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन, म्हणजेच बोलण्याला पूरक किंवा पर्यायी संवाद. खाणाखुणा, चित्रांची कार्डं, अक्षरांचा तक्ता, चित्रावर बोट ठेवताच आवाज देणारं अ‍ॅप हे सगळं त्यात येतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे असंच एक मोफत अ‍ॅप मराठीतही आहे.

गैरसमज १: यामुळे बोलणं खुंटतं

२००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी २३ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या सर्वांत भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ११ टक्के जणांमध्ये फरक पडला नाही, तर ८९ टक्के जणांचं बोलणं वाढलं. ही वाढ अनेकदा थोडीच होती, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. पण नुकसानाची भीतीही खरी ठरली नाही.

गैरसमज २: आधी 'तयारी' हवी

मूल एका जागी बसू लागलं, नजरेला नजर देऊ लागलं की मग एएसी, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात अशी कोणतीही पात्रता परीक्षा नाही. शब्दच हाताशी नसतील, तर ते वापरण्याची तयारी होणार कशी?

गैरसमज ३: आधी वागणं सुधारा, संवाद नंतर

हा गैरसमज वर्तन विश्लेषणाच्या, म्हणजे एबीए थेरपीच्या, स्वतःच्याच संशोधनाशी विसंगत आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं, की मदत किंवा लक्ष मागायला शिकवलं की मुलांचं त्रासदायक वागणं कमी होतं. आदळआपट हीसुद्धा अनेकदा मागणीच असते. चित्रकार्डांची 'पेक्स' पद्धतही त्याच वर्षी अमेरिकेत वर्तन विश्लेषणाच्या पायावर उभी राहिली.

म्हणूनच शिक्षा म्हणून टॅब काढून घेणं किंवा 'आधी काम, मग टॅब' अशी अट घालणं चुकीचं आहे. बोलणाऱ्या मुलाच्या तोंडाला आपण कुलूप लावत नाही. खेळाचा टॅब वेगळा आणि बोलण्याचा वेगळा ठेवला, तर हा गोंधळ बराच टळतो.

गैरसमज ४: मागता आलं की झालं

थेरपीची सुरुवात 'पाणी हवं', 'बिस्किट हवं' अशा मागण्यांपासून होते. मागितलेली वस्तू लगेच मिळते, त्यामुळे मूल ते पटकन शिकतं. पण तिथेच थांबलं तर 'नको', 'पोट दुखतंय', 'मला भीती वाटतेय' हे मूल कसं सांगणार? मुलाच्या सुरक्षिततेसाठी तर 'नको' हा शब्द 'हवं'इतकाच महत्त्वाचा आहे.

सावध कुठे राहायचं?

मुलाचा हात किंवा मनगट धरून मोठ्या माणसाने टाईप करवून घेणं, म्हणजे 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन', ही मान्यताप्राप्त एएसी नव्हे. त्यात शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात, असं चाचण्यांमध्ये दिसलं आहे. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या 'आशा' या संघटनेने २०१८ मध्ये ती वापरू नये असं स्पष्ट केलं.

पालकांनी काय विचारावं?

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येत एएसीचाही समावेश आहे. त्यामुळे थेरपी सेंटरला हे प्रश्न विचारायला संकोच नको: हे साधन मुलाजवळ दिवसभर, घरी आणि शाळेतही राहील का? मोठी माणसं स्वतः ते वापरून दाखवतील का? आणि त्यात 'नको' आहे का?