पाणक्या म्हणे!

फुटबॉलवर तावातावाने बोलणाऱ्यांमध्ये एक जमात अशी आहे की तिच्यासमोर दिदिए देशाँचं नाव काढायची सोय नाही. लगेच नाकं मुरडली जातात. "कसलं रटाळ फुटबॉल खेळवतो हो तो! एवढे हिरे हाताशी, आणि हा बचाव करत बसतो. नशीब जोरावर, बाकी काय?" हे मी २०१८ ला ऐकलं, २०२२ ला ऐकलं, २०२४ ला तर इतक्यांदा ऐकलं की शेवटी म्हटलं, आता लिहूनच टाकू. तेव्हा आधीच सांगतो, हा लेख तटस्थ वगैरे अजिबात नाही. तटस्थ हवं असेल त्यांनी विकिपीडियावर जावं. :-)

देशाँला नावं ठेवायची परंपरा तशी जुनी आहे. १९९६ साली खुद्द एरिक कँटोनाने त्याला 'पाणक्या' म्हटलं होतं. शब्द मूळचा सायकल शर्यतींतला. तिथे संघातले काही जण आपल्या मुख्य शर्यतपटूला पाण्याच्या बाटल्या आणून द्यायचं काम करतात. कँटोनाच्या म्हणण्याचा मतलब असा, की हा गडी मेहनत शंभर टक्के करतो, पण असले खेळाडू गल्लोगल्ली मिळतात.

बरं, मग या गल्लोगल्ली मिळणाऱ्या माणसाचा हिशेब मांडू. १९९३ साली मार्सेयचा कप्तान म्हणून चॅम्पियन्स लीग जिंकली, वय वर्षं २४. १९९६ ला युव्हेंटसकडून परत तीच. १९९८ ला कप्तान म्हणून विश्वचषक, २००० ला कप्तान म्हणूनच युरो. फ्रान्सकडून १०३ सामने. कुठल्या गल्लीत मिळतात हो असले? मला पत्ता द्या, मी आज संध्याकाळीच चक्कर मारतो.

आणि 'पाणक्या' ही शिवी कधीपासून झाली? पैठणला एकनाथांच्या घरी कावडीने पाणी भरणारा श्रीखंड्या कोण होता, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीच सांगितलेलं असतं. देशाँ देव आहे असं माझं म्हणणं नाही (मार्सेयमधल्या काही लोकांचं असेलही). पण भरलेला रांजण सगळ्यांना दिसतो आणि भरणारा कुणालाच दिसत नाही, एवढं तरी त्या गोष्टीतून कळायला हरकत नव्हती.

देशाँ मधल्या फळीत, बचावपटूंच्या थोडासा पुढे खेळायचा. झिदान चेंडू घेऊन पुढे गेला की मागे जी जागा मोकळी पडते ती कुणीतरी झाकायची असते. चेंडू हिसकावून दोन पावलांवरच्या, आपल्यापेक्षा चांगल्या खेळाडूला द्यायचा असतो. कोण दमलाय, कोण चिडलाय, कुठून धोका आहे, हे सगळं एकाच वेळी बघायचं असतं. हायलाइट्समध्ये यातलं काहीही येत नाही. आणि आपण बहुतेक जण फुटबॉल हायलाइट्समध्येच बघतो, हीच खरी गोम आहे.

हे काम कुणीच केलं नाही तर काय होतं? १७ नोव्हेंबर १९९३ बघा. पॅरिसमध्ये फ्रान्स विरुद्ध बल्गेरिया. १९९४ च्या विश्वचषकात जायला फ्रान्सला नुसती बरोबरी पुरे होती, आणि शेवटच्या मिनिटाला १-१ होतं. बल्गेरियाच्या कोपऱ्याजवळ फ्रान्सला फ्री किक मिळाली. चेंडू कोपऱ्यात दाबून धरायचा आणि शिट्टीची वाट बघायची, बास. पण दाविद जिनोलाने लांबलचक क्रॉस मारला. चेंडू बल्गेरियाकडे गेला, ते सुसाट सुटले आणि कोस्तादिनोव्हने गोल केला. फ्रान्स घरी. त्या संघात कँटोना होता (फ्रान्सचा एकमेव गोल त्याचाच), पापाँ होता, देशाँही होता. प्रतिभेची वानवा नव्हती हो, तीस सेकंद गप्प बसायची अक्कल कमी पडली!

पुढे एमे जाके प्रशिक्षक झाला. त्याने कँटोना आणि जिनोलाला संघाबाहेर ठेवलं आणि देशाँला कप्तान केलं. फ्रेंच पत्रकारांनी जाकेला सोलून काढलं. १२ जुलै १९९८ ला पाणक्याने चषक उचलला आणि विषय संपला.

म्हणजे संपायला हवा होता. पण तो प्रशिक्षक झाला आणि जुनीच टेप नव्याने सुरू झाली. 'रटाळ' म्हणे! ५ नोव्हेंबर २००३ ला त्याच्या मोनॅकोने देपोर्तिवो ला कोरुन्याला ८-३ ने धुतलं. चॅम्पियन्स लीगच्या एका सामन्यात ११ गोल तोवर कधी झाले नव्हते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मोनॅकोवर एवढं कर्ज होतं की क्लबला खालच्या विभागात टाकायचा निर्णय झाला होता, तो अपिलात बदलला. अशा क्लबने झिदान, फिगो, बेकहम, रोनाल्डोवाल्या रियाल माद्रिदला घरी पाठवलं आणि थेट अंतिम सामना गाठला. तिथे मोरिन्योच्या पोर्तोकडून ०-३ हरले, ते सोडा.

मग २००६. मॅचफिक्सिंगच्या प्रकरणात युव्हेंटसला दुसऱ्या विभागात ढकललं, वर गुणही कापले: मोसम सुरू होताना वजा १७, अपिलानंतर वजा ९. अशा वेळी तिथे जायला कोण तयार होतं? हा गेला, आणि संघाला वर आणून सोडलं. मग मार्सेयला २०१० मध्ये १८ वर्षांनी फ्रेंच लीग जिंकून दिली. गंमत बघा, हा नेहमी मोडलेल्या घरातच जातो. फ्रान्सचा संघ हेही तेव्हा असंच घर होतं. २०१० च्या विश्वचषकात खेळाडूंनी सरावाला नकार दिला, बसमध्ये जाऊन बसले आणि एकही सामना न जिंकता परतले. २०१२ मध्ये देशाँने संघ हातात घेतला तेव्हा 'हिरे' होतेच की! हिऱ्यांनीच तर संप केला होता.

आता २०१८. पहिल्या सामन्यात एम्बापे, ग्रीझमन, डेम्बेले असे तिघे चपळ गडी पुढे खेळवले. ऑस्ट्रेलियाला रडतखडत २-१ हरवलं. पेरूविरुद्धच्या पुढच्या सामन्यात त्याने डेम्बेलेला बसवून जिरूला आणलं, आणि डाव्या बाजूला मातुइदी नावाचा घाम गाळणारा गडी घातला. जिरूने अख्ख्या स्पर्धेत गोलच्या दिशेने एकही अचूक फटका मारला नाही. आघाडीवीर, आणि शून्य गोल! लोक हसले. पण तो बचावपटूंना अंगावर घ्यायचा, म्हणून एम्बापे आणि ग्रीझमनला धावायला मैदान मिळालं. दोघांचे प्रत्येकी चार गोल झाले. अर्जेंटिनाला ४-३, अंतिम सामन्यात क्रोएशियाला ४-२. रटाळ संघ बाद फेरीतल्या दोन सामन्यांत चार-चार गोल करतो होय? आणि खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारा तो झागालो आणि बेकेनबाउअरनंतर जगातला तिसराच. नशीब इतकी वर्षं एकाच घरी मुक्काम करत नसतं.

"भित्रा आहे" म्हणणाऱ्यांनी २०२२ चा अंतिम सामना परत बघावा. ०-२ पिछाडी असताना ४१ व्या मिनिटाला, म्हणजे मध्यंतराच्याही आधी, त्याने जिरू आणि डेम्बेलेला बाहेर काढलं. पुढे ग्रीझमनलाही. आत आलेल्या कोलो मुआनीने पेनल्टी मिळवली, एम्बापेने दोन मिनिटांत दोन गोल केले, शेवटी ३-३. पेनल्टी शूटआउटवर गेला सामना, गेला. पण विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराआधी दोन आघाडीवीर बसवायला काळीज लागतं.

आता विरोधकांचा खरा मुद्दा. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध ३-१ आघाडी घालवून फ्रान्स बाहेर पडला. २०२४ च्या युरोत तर उपांत्य फेरीपर्यंत एकही मैदानी गोल त्यांच्या खेळाडूने केला नाही. दोन प्रतिस्पर्ध्यांचे स्वयंगोल आणि एक पेनल्टी, एवढ्यावर गाडी चालली. ते बघणं शिक्षा होती, मान्य. पण ज्या स्पर्धेत संघाचा एकही सूर लागत नाही तिच्यातही तो शेवटच्या चारांत पोचतो, याला तुम्ही अपयश म्हणता? बाकीच्या देशांना विचारा, असलं अपयश ते हप्त्यांवरसुद्धा घेतील.

मी एवढा का चिडतोय? कारण हा आजार फक्त फुटबॉलचा नाही. आमच्या धंद्यात रात्री दोनला सर्व्हर कोसळतो, एक जण सकाळपर्यंत बसून तो उभा करतो, आणि सगळ्या टीमला मेल जातो, टाळ्या पडतात. पडाव्यातही. पण ज्याचा मॉड्यूल तीन वर्षांत एकदाही कोसळला नाही त्याला कोण मेल पाठवतं? अप्रेझलला त्याच्या फॉर्मवर लिहिण्यासारखं काही 'घडलेलंच' नसतं. त्याने टेस्ट लिहिल्या, नवीन पोरांचा कोड बारकाईने वाचला, दोन भांडणं वाढायच्या आत मिटवली. यातलं हायलाइट्समध्ये काय येणार? मग तो एक दिवस शांतपणे राजीनामा देतो, आणि सहा महिन्यांनी सगळे एकमेकांना विचारतात की हल्ली सारखं काहीतरी का मोडतंय.

देशाँने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ च्या विश्वचषकानंतर आपण पद सोडणार. त्याच्यावर मृत्युलेखाच्या थाटात लिहिणारे पुष्कळ निघतील आणि त्यात 'पण' हा शब्द भरपूर असेल. मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्याने पाणी वाहिलं, पण कोपऱ्यात उभं राहून नाही. कप्तानाचा पट्टा बांधून वाहिलं, आणि नंतर संघात कोण खेळणार हे ठरवायच्या खुर्चीत जाऊन बसला.

तेव्हा तुमच्यातले जे कुणी आपापल्या टीमचे पाणक्ये असतील, त्यांनी कावड खाली ठेवू नये. पण पट्टा मात्र मागून घ्यावा, आणि पगारवाढही. पाणी भरणाऱ्याने तहानलेलंच राहावं असं कुठल्या पोथीत लिहिलंय?