लाट आणि भरती: दोन व्हेरिएबल्स, एकच नाव!

पावसाळा आला की एक बातमी ठरलेली. "मुंबईच्या समुद्रात आज 4.8 मीटर उंचीच्या लाटा उसळणार!" मागे काळे ढग, धडाम-धुडूम संगीत. आणि माझं डोकं सटकतं.

अहो, 4.8 मीटर ही लाटेची उंची नाहीये! ती भरतीची पातळी आहे. नकाशावर समुद्राची जी शून्य पातळी धरतात, साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची, तिथपासून मोजलेली. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्यापेक्षा अडीचेक मीटर वर असते. म्हणजे पाणी सरासरीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटर चढणार, तेही ओहोटीपासून सहा तास घेत, गुपचूप. लाट वाऱ्यामुळे येते आणि काही सेकंदांत फुटून जाते. दोन्हीचं एकक मीटर, म्हणून एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबायचं? आमच्याकडे असा कोड रिव्ह्यूलाही पास होत नाही.

"काय फरक पडतो रे, लोक सावध होतात ना?" असं म्हणणारे भेटतात. पडतो! मागे आमच्या टीममधली दोन पोरं खास 'लाटा' बघायला मरीन ड्राइव्हला गेली. वारा पडलेला, समुद्र शांत. परत येऊन म्हणतात, "सगळी फेकाफेक असते यार." आता पुढचा इशारा ही पोरं ऐकतील?

उलटंही होतं. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं. त्या दिवशी तिथी पंचमी-षष्ठी, म्हणजे अमावास्येचं उधाण ओसरून समुद्र भांगाकडे चाललेला. तरी गेटवेला पाण्याने कठडा फोडला. कारण ते काम वाऱ्याचं आणि लाटांचं होतं. नुसता भरतीचा आकडा बघून "आज काही नाही" म्हणणारा तिथे फसला असता.

आणि 26 जुलै 2005? सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस, वर दुपारी भरती. भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात, पाऊस शहरातच तुंबतो. भरतीचा खरा धोका हा, गुडघाभर पाण्याचा. कॅमेऱ्यात न दिसणारा.

गंमत म्हणजे आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ नाहीये. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. शाळेच्या भूगोलात होते हे शब्द, कोळीवाड्यात आजही आहेत. कोकणात तर अख्खा अल्गोरिदम तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. मिनिटाला मिनिट नाही जुळणार, पण होडी काढायला पुरतं. आणि आपण? 'हाय टाइड अलर्ट' म्हणतो आणि मराठीत सांगताना त्याची 'लाट' करतो.

मागणी साधी आहे. बातमीत दोन ओळी द्या. भरतीची पातळी इतकी, अमुक वाजता. लाटांची उंची इतकी. बस्स. पहिली ओळ वाचून ऑफिसातून लवकर निघायचं की नाही ते ठरवू. दुसरी वाचून कठड्यापासून लांब राहू.

आणि हो, पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर 'पाच मीटरच्या लाटा' फॉरवर्ड करण्याआधी एकदा कॅलेंडरात तिथी बघा. भिंतीवर टांगलेलं असतंच की!