संध्याकाळ घेतली, तक्रार सोडली

एप्रिल १९९०मध्ये इंदूरहून देवासच्या स्टेशनात एक गाडी येऊन थांबली. तिच्यात उतारू नव्हते, पाणी होते. पन्नास टँकर. स्वागताला मंत्री होते आणि ढोल-नगारेही. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकात ही हकीकत नोंदवली आहे, आणि तिच्या आधी काय घडले तेही. आधीच्या तीसेक वर्षांत शहरातली लहान-मोठी तळी बुजवली गेली, त्यांच्यावर घरे आणि कारखाने उभे राहिले. पावलोपावली पाणी आणि भाकरी असा ज्या माळव्याचा लौकिक, त्या माळव्यातली ही गोष्ट.

देवासबद्दल मराठी माणसाला जिव्हाळा वाटावा अशी कारणे बरीच आहेत. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्यांचे हे गाव. थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे १९२१मध्ये ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस म्हणून राहिला आणि १९५३मध्ये त्याने इथल्या देवीच्या टेकडीचे नाव आपल्या पुस्तकाला दिले. पण खरे नाते भा. रा. तांब्यांचे. १८७३मध्ये मुंगावलीला जन्मलेले तांबे देवासच्या शाळेत शिकले. पुढचे आयुष्यही मध्य भारतातल्या संस्थानांच्या नोकऱ्यांत गेले. वा. गो. मायदेवांनी १९२०मध्ये त्यांचा पहिला संग्रह काढला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या रसिकांना आपल्या भाषेचा एवढा मोठा गायक नर्मदेपलीकडे बसला आहे याचे नवल वाटले असणार.

केशवसुत, बालकवी, तांबे या साऱ्यांच्या मागे इंग्रजी रोमँटिक कवितेचे वाचन होते. शाळा-कॉलेजांतून ती कविता आली आणि मराठीत तिने स्वतःचे रूप घेतले. या ऋणाबद्दल संकोच वाटण्याचे काही कारण नाही. मात्र ती कविता घेताना मराठीने निवड केली. वर्डस्वर्थची डॅफोडिल्स घेतली, शेलीचा चंडोल घेतला, मावळतीचे रंग आणि झऱ्याची खळखळ घेतली. त्यांच्या बरोबरची तक्रार मात्र तिथेच राहू दिली. संध्याकाळ घेतली आणि भांडण सोडून दिले.

भांडण कसले? १८४४मध्ये केंडलहून विंडरमियर सरोवराकडे रेल्वे न्यायची ठरली, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या वर्डस्वर्थने वर्तमानपत्रात पत्रे लिहून तिला विरोध केला. त्या पत्रांत उमरावी तोराही होता. कारखान्यांतल्या मजुरांचे लोंढे सरोवरावर येऊन काय पाहणार, असा त्याचा सूर. ज्या गृहस्थाने तो मुलूख डोळे असलेल्या प्रत्येकाच्या मालकीचा मानला, त्यानेच हे लिहावे ही विसंगती झाकून ठेवण्यासारखी नाही. रेल्वे १८४७मध्ये आलीच. पण वाद विझला नाही. त्याच परिसरातला एक पाद्री, हार्डविक रॉन्स्ली, पुढे ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या तीन संस्थापकांपैकी एक झाला. सुंदर आणि ऐतिहासिक जागा विकत वा देणगी घेऊन कायमच्या राखणारी ही संस्था १८९५ची. कवितेपासून वर्तमानपत्रापर्यंत आणि तिथून सातबाऱ्यापर्यंत अशी ती चाल झाली.

त्याहून जवळचा वाटावा असा कवी जॉन क्लेअर. शेतमजुराचा पोरगा. त्याच्या हेल्पस्टन गावची सामाईक माळराने, गायराने कायदा करून कुंपणात घातली गेली, ओढ्यांची वळणे बदलली, जुनी झाडे पडली. हा कायदा १८०९चा, आणि त्याचे दुःख क्लेअरने आयुष्यभर कवितेत मांडले. आमच्याकडे वर्डस्वर्थ पाठ्यपुस्तकात आला, क्लेअर मात्र क्वचितच. गावठाणातले तळे, गायरान, देवराई नाहीशी होताना पाहणाऱ्या देशाला तोच अधिक उपयोगी पडला असता.

आता तांब्यांनंतर देवासचा दुसरा पाहुणा. १९४८च्या जानेवारीत तेवीस वर्षांचे कुमार गंधर्व क्षयाने ग्रासलेली फुप्फुसे घेऊन कोरड्या हवेसाठी इथे आले. कीट्सची आठवण होणे अपरिहार्य आहे. तोही याच आजाराने खंगला, हवापालटासाठी इटलीत गेला आणि १८२१च्या फेब्रुवारीत रोममध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. कुमारांना गाण्याची बंदी होती. माळव्याच्या हवेने ते बरे झाले असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते भाबडेपण आहे. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन नेमके त्याच काळात आले, आणि पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा होती. कीट्सच्या वाट्याला ते औषध आले नव्हते, एवढाच दोघांच्या नशिबातला फरक मानला तरी चालेल.

पण बरे होईपर्यंतच्या त्या वर्षांत कुमारांनी जे केले ते कुठल्याही औषधाचे काम नव्हते. ते ऐकत राहिले. टेकडीच्या पायथ्याशी येणाऱ्या-जाणाऱ्या बायांची गाणी, लग्नातली, पेरणीतली, भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने. लोकगीताच्या चार-पाच सुरांत रागाचे बीज असते हे त्यांना या ऐकण्यातून दिसले, आणि ते धुनउगम राग १९६५च्या ‘अनूपरागविलास’मध्ये आले. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ हे ऋतूंचे कार्यक्रम त्यातूनच उभे राहिले. पावसाचे गाणे पावसाचे कौतुक म्हणून आणि पावसाची वाट पाहणाऱ्याचे म्हणून गाणे, यात अंतर आहे, आणि कुमारांना ते कळले होते. तांब्यांची गाणीही त्यांनी ‘तांबे गीतरजनी’ या कार्यक्रमात मांडली, तेव्हा देवासचे दोन पाहुणे एका मैफिलीत आले. कुमारांचे मित्र विष्णू चिंचाळकर, आलोटला जन्मलेले चित्रकार, वाळक्या काटक्या, पाने आणि टाकाऊ वस्तूंतून चित्रे घडवीत. थोडक्यात राहायचे, जवळचे नीट पाहायचे, असे हे मंडळ होते. आजच्या भाषेत याला जीवनशैली म्हणतात आणि त्याची शिबिरे भरतात. तेव्हा तो साधा संसार होता.

माळव्यातल्याच धारची कहाणीही पाण्याचीच, पण उलट्या अंगाने. भोजराजाच्या या नगरीत साडेबारा तलाव असल्याचे सांगतात. मुंजसागर, देवीसागर ही नावे आजही तोंडात आहेत. मांडूच्या पठारावर मुंज आणि कपूर या तलावांमध्ये जहाजमहाल उभा आहे. पर्यटक महालाचे फोटो काढतात. पावसाचे पाणी गोळा करून महालाला पुरवणारी जुनी व्यवस्था थोडेच पाहतात. याच पठारावरची आफ्रिकेकडची गोरखचिंच, स्थानिकांची ‘खुरासानी इमली’, काही वर्षांपूर्वी परराज्यातल्या खासगी बागेसाठी मुळासकट उपटून नेली जाऊ लागली, तेव्हा गावकरी आडवे आले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्याच जिल्ह्यातले नर्मदाकाठचे चिखलदा. २०१७मध्ये मेधा पाटकर तिथे उपोषणाला बसल्या होत्या. सप्टेंबर २०१९मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरले आणि गाव पाण्यात गेले. एका जिल्ह्याची तहान गाडीने भागवायची आणि दुसऱ्या जिल्ह्यातले गाव पाण्यात घालायचे, हे एकाच पिढीने पाहिले.

देवासने पुढे वाट काढली, ती कवितेने नव्हे. २००६च्या सुमारास जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना सांगितले की शेताच्या दहाव्या-विसाव्या भागात तलाव खणा, यात दान नाही, नफा आहे. सरकारी अनुदानाच्या आधी शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने, कर्ज काढून खणले. त्या तलावांना ‘रेवासागर’ आणि खणणाऱ्यांना ‘भगीरथ कृषक’ हे नाव मिळाले. टोंकखुर्द भागात काही हजार तलाव झाले, कोरड्या रानात दुबार पीक आले, मध्य प्रदेश सरकारने त्यावरूनच बलराम तलाव योजना आखली. यात एक खोट आहे ती मान्य करावी: हे तलाव खासगी शेतातले आहेत. ज्याला शेत नाही त्याला गावातले सामाईक तळेच लागते, आणि ते अजून बुजलेलेच आहे. क्लेअरची तक्रार नेमकी हीच होती.

या अंकातले लेख निसर्गाबद्दल आहेत आणि त्यांत वर्णने पुष्कळ आहेत. ती वाचून झाल्यावर वाचकांकडे एक मागणे आहे. धार, देवास किंवा आपण जिथे असाल तिथल्या एका तळ्याबद्दल लिहून पाठवावे: त्याचे नाव काय होते, पाणी कुठून येत असे, ते कोणत्या साली बुजवले गेले आणि आज त्या जागी काय उभे आहे. पुढच्या दिवाळी अंकात अशा पत्रांना जागा राखून ठेवली आहे.