मूर्ती पुजता, मग घडविणारा हात का विसरता?

उल्हासनगर कॅम्प ५ जवळच अंबरनाथचे शिवालय आहे. त्याच्या शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखात मुम्मुणी राजाचे नाव आहे. पण भिंतीवरच्या मूर्तींत ज्या पाथरवटांनी जीव ओतला, त्यांची नावे आमच्या मुलांस कोण सांगणार?

ही खोड अजून गेलेली नाही. राम सुतार १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी सुताराच्या घरी जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. गांधीसागर धरणापाशी त्यांनी काँक्रीटमधून ४५ फुटी चंबळमाता कोरली. तिच्यापाशी दोन लेकरे आहेत. तिचे चित्र पाहताच आम्हांस देवी आठवत नाही, शेतावरून परतलेली माय आठवते. त्यांच्याच १८२ मीटर उंच सरदार पटेलांचे धोतर व वहाणा आमच्या थोरल्यांच्याच वाटतात. २०२५ च्या डिसेंबरात शंभरी गाठून ते वारले. पुतळे लाखो लोक पाहतात. शिल्पकाराचे नाव किती जण पुसतात?

बंधूंनो, गावात पुतळ्यासाठी वर्गणी द्याल तेव्हा अट घाला: अनावरण करणाऱ्या पुढाऱ्याच्या आधी घडविणाराचे नाव चौथऱ्यावर कोरा. आणि सुतार, लोहार, कुंभार, पाथरवट यांनी पोरांस शाळेत जरूर घालावे, पण हातची पटाशी टाकायला लावू नये. विद्येला हुन्नराची जोड मिळाली म्हणजे काय घडते, ते गोंदूरच्या पोराने जगास दाखविले आहे.