ठाण्याचा नकाशा मागा



ढोर दुसऱ्याच्या पऱ्हाटीत शिरले तर कोंडवाड्यात जाते. इंग्रजांनी १८७१ साली त्याचा कायदा केला आणि कोंडलेल्या ढोराला चारा-पाणी देण्याची जबाबदारी कोंडवाडा राखणाऱ्यावर टाकली. माणूस कोंडायची जागा कशी असावी, हे मात्र आपण कधी विचारले नाही. ठाणे सरकार बांधते, नकाशा साहेब पास करतात आणि आपण फाटकाबाहेर उभे राहतो.

ठाण्याच्या इमारतीशी शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. धुऱ्याचे भांडण, विहिरीवरून चोरीला गेलेली मोटर, रस्ता रोको, कशाने तरी ती पायरी चढावीच लागते. १९८० साली नाशिकच्या ऊस-कांदा आंदोलनात शेतकरी हजारोंनी तुरुंगात गेले. सडक अर्जुनीच्या माणसाला हेच काम पडले तर डुग्गीपारचे ठाणे गाठावे लागते.

इथून दक्षिणेला, गोंदिया-चांदाफोर्ट रेल्वेवर वडसा स्टेशन आहे. तेच देसाईगंज. मार्च १९७२ मध्ये तिथल्या ठाण्यात एक आदिवासी मुलगी एका तक्रारीपायी रात्री आणली गेली. सोबतच्यांना जायला सांगितले, तिला थांबवून घेतले. नातेवाईक बाहेर वाट पाहत राहिले. दिवे गेले, दार आतून लागले. इमारतीच्या मागच्या संडासात अत्याचार झाल्याचा खटला चालला. हायकोर्टाने दोन पोलिसांना शिक्षा दिली, १९७८ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडून दिले. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला.

कायदा बदलला. पण मागची बाजू, दिव्याचे बटण आणि आतून लागणारे दार, हे इमारतीत असते. ते कायद्याच्या पुस्तकाने बदलत नाही, ते नकाशात बदलावे लागते.

जुने तुरुंग पाहा. लांब बोळ, दोन्ही बाजूंना कोठड्या. पहारेकरी फेरी मारून पुढे गेला की मागे काय चालले ते त्याला दिसत नाही. अमेरिकेत कॉन्ट्रा कोस्टा नावाच्या काउंटीने १९८१ साली नवा तुरुंग उघडला. तिथे मधोमध मोठे दालन, भोवती खोल्या, आणि पहारेकरी दालनात कैद्यांमध्येच बसतो. त्याच्या नजरेआड कोपरा राहत नाही. हीच रीत पुढे तिकडे पुष्कळ ठिकाणी उचलली गेली. धडा सोपा आहे : जिथे नजर पोचते तिथे कैदीही सुरक्षित आणि पोलीसही.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात हुकूम दिला. प्रत्येक ठाण्यात फाटक, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्याची खोली, संडासाची बाहेरची बाजू आणि ठाण्याची मागची बाजू, सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत, रेकॉर्ड १८ महिने ठेवायचे. देसाईगंजची रात्र आठवा, म्हणजे संडास आणि मागची बाजू का मोजली ते कळेल. पण कॅमेरा वीज गेली की आंधळा. भिंत चुकीच्या जागी असेल तर कॅमेरा काय करणार?

गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात नक्षलवाद्यांच्या भीतीने ठाण्यांना उंच भिंती आणि मोर्चे आले. पोलिसाच्या जिवाचे रक्षण व्हायलाच हवे, ती आपलीच पोरे आहेत. त्यांना धड निवारा आणि झोपायला खोली हवी, हेही आपण मागू. पण बाहेरची गोळी अडवणारी भिंत तक्रार घेऊन आलेल्या बाईलाही अडवू लागली, तर ते ठाणे कोणाचे?

राज्यघटनेने २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायला सांगितले आहे. तिथून पुढे तुरुंग. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत १०० पैकी ७५ हून जास्त कैदी गुन्हा सिद्ध न झालेले होते, आणि १०० च्या जागेत १३१ माणसे. शिक्षा झालेले आणि न झालेले वेगळे ठेवा, हे १८९४ च्या कायद्यानेच सांगितले होते. जागाच नसेल तर वेगळे ठेवणार कुठे?

म्हणून तालुक्यात नवे ठाणे, नवी कोठडी किंवा तुरुंग बांधायचे निघाले, की टेंडर निघण्याआधी नकाशा ग्रामसभेत मागा. चार गोष्टी बोट ठेवून पाहा. कोठडी ठाणे अंमलदाराच्या नजरेसमोर आहे का? बायांची कोठडी वेगळी, आणि तिथे महिला पोलिसाची जागा आहे का? कोठडीत उजेड, हवा, पाणी, संडास आहे का? तक्रार घेऊन आलेल्याला बसायला सावली आणि बाक आहे का?

घर बांधताना आपण गोठ्याचे दार कुठे ठेवायचे ते ठरवतो. हे घरही आपल्याच पैशाचे आहे. नकाशा मागायला लाजू नका. इमारत उभी राहिल्यावर मागून काही मिळत नाही.