दर शहराचा, माप खेड्याचे

मोबाईलचा रिचार्ज आज मीठ-मिरचीप्रमाणे घरखर्चाची बाब झाला आहे. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरील दुकानदार दरमहा जेवढे पैसे भरतो, जवळजवळ तेवढेच पैसे म्हसळा, मंडणगड किंवा दापोली तालुक्यातील खाडीकाठच्या दुकानदारालाही भरावे लागतात. फरक पडतो तो पैसे भरल्यानंतर. पहिल्याला गल्लीतच ५जी मिळते. दुसऱ्याला गिऱ्हाइकाचे पैसे आले की नाही हे पाहण्यासाठी फोन हातात धरून दुकानाबाहेर रस्त्यावर यावे लागते. दोघांचा दर एकच आहे, माप मात्र वेगळे आहे.

व्यापारात मापाला काय महत्त्व आहे, हे मुसलमान व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. पवित्र कुरआनातील सूरह मुतफ्फिफीनचा प्रारंभच मापात मारणाऱ्यांच्या निषेधाने होतो. हजरत शुऐब (अलैहिस्सलाम) यांनी मदयनच्या लोकांना एकेश्वरत्वाच्या आवाहनाबरोबर जी शिकवण दिली, ती पुरे माप देण्याची होती. तराजूत वाटाणे असोत वा हवेतील लहरी असोत, ठरलेली किंमत घेऊन ठरलेला माल कमी देणे हा एकच प्रकार आहे. म्हणूनच "आमच्याकडे रेंज कधी येणार?" हा प्रश्न गावकऱ्यांनी याचनेच्या सुरात विचारू नये. तो हिशेबाचा प्रश्न आहे आणि हिशेबाच्याच भाषेत विचारला पाहिजे.

नुकसान कोणाचे?

कोकणातील मुस्लिम वस्तीचे अर्थकारण पिढ्यान् पिढ्या बाहेरगावच्या कमाईवर चालत आले आहे. आधी जहाजावरील नोकरी, मग मुंबईची गोदी आणि सत्तरच्या दशकानंतर आखाती देश. या पैशाने गावात घरे उभी राहिली, मशिदी व शाळा उभ्या राहिल्या. परंतु गावात व्यापार उभा राहिला का? आखातातून परतलेला तरुण चार पैसे गाठीला बांधून गावात दुकान, आंब्याचा व्यवसाय किंवा पर्यटकांसाठी दोन खोल्या काढू पाहतो, तेव्हा त्याच्यासमोर पहिली अडचण उभी राहते ती नेटवर्कची.

हापूसची पेटी थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकायची तर हंगामाच्या दीड-दोन महिन्यांत फोन सतत चालू हवा. तो लागला नाही की माल पुन्हा दलालामार्फत वाशीच्या बाजारात जातो आणि भाव दुसरा कोणी ठरवतो. खोल्या भाड्याने देणाऱ्याचा फोन बंद लागला की पर्यटक पुढच्या गावात उतरतो. किराणा दुकानात स्कॅनर लावलेला असतो, पण पैसे अडकले की गिऱ्हाईक व दुकानदार दोघेही एकमेकांकडे संशयाने पाहतात. शेवटी उधारीची वही निघते. जीएसटीचे विवरणपत्र, मालाचे ई-वे बिल, बँकेचा ओटीपी, शेतकऱ्याची ई-पीक पाहणी या सर्व गोष्टी सरकारनेच मोबाईलवर आणल्या आहेत. कायदा पाळण्यासाठी जे साधन आवश्यक केले, ते साधन पोहोचवण्याची जबाबदारी मात्र कोणी घेत नाही. परिणामी गिऱ्हाईक तालुक्याच्या बाजारपेठेकडे वळते आणि त्यापाठोपाठ दुकानदाराचा मुलगाही वळतो.

हा केवळ नफ्या-तोट्याचा प्रश्नही नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेबरोबर फोनही गेले आणि आखातातील माणसांना आपल्या घरच्यांची खबर मिळेना. जुलै २०२१ मध्ये महाड व चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हाही लोकांनी हाच अनुभव घेतला. जेथे एरवीच एखादा टॉवर कसाबसा चालतो, तेथे संकटकाळी काय होणार, हे सांगायला नको.

जिल्हा आला म्हणजे गाव आले काय?

देशातील पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला झाला. २०१६ मध्ये स्वस्त ४जी आले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जीचा प्रारंभ झाला आणि मुंबई पहिल्याच यादीत होती. २०२५ पर्यंत देशातील ९९ टक्क्यांहून अधिक जिल्ह्यांत ५जी पोहोचल्याचे सरकारतर्फे सांगण्यात आले. ऐकायला ही गोष्ट फार गोड वाटते. परंतु येथे मोजणीचे एकक जिल्हा आहे. रत्नागिरी शहरात ५जी आले की रत्नागिरी जिल्हा यादीत आला. मंडणगडच्या डोंगरातील वाडी त्या यादीत कोठे आहे, हे यादी सांगत नाही.

सरासरीचेही तसेच आहे. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई वेगळी आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक परिमंडळ धरले जाते. पुण्याचा वेग आणि खाडीपट्ट्याचा अंधार एकत्र करून सरासरी काढली की दोन्हीकडे बरेच बरे चालले आहे असे दिसते. २०२४ च्या अखेरीस देशात शहरी भागात दर शंभर माणसांमागे सुमारे १३० जोडण्या होत्या, तर ग्रामीण भागात ६० च्याही आतच.

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ५जीसाठी मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेग भरपूर देतात, पण त्यांचा पल्ला कमी असतो. मध्ये डोंगर, दाट झाडी किंवा जांभ्या चिऱ्याची जाड भिंत आली की त्या अडतात. सपाट प्रदेशात एका टॉवरने जे काम होते, त्यासाठी कोकणात दोन-तीन लागतात आणि गिऱ्हाईक मात्र विरळ. वीज गेली की डिझेल जाळावे लागते. दुसरी बाब टॉवरच्या मागच्या जोडणीची. पुष्कळ ठिकाणी टॉवरवर ४जीचे नवे यंत्र बसते, परंतु टॉवरपर्यंत फायबर केबल आलेली नसते. पुढे मोठा नळ बसवला आणि मागे अर्ध्या इंचाचा पाइप ठेवला तर पाणी किती येणार? त्यामुळे फोनवर ४जी अशी अक्षरे दिसतात, पण पान उघडत नाही.

हे सारे मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. या अडचणींसाठी पैसा नाही काय? पैसा आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दुर्गम भागात सेवा पोहोचवण्यासाठी म्हणून वेगळी घेतली जाते. २००२ पासूनचा हा निधी आता डिजिटल भारत निधी या नावाने ओळखला जातो. कंपनीचे उत्पन्न म्हणजे अखेर आपलेच रिचार्ज. सबब खाडीकाठचा गिऱ्हाईकही या निधीत आपला वाटा टाकतो. त्यातून टॉवर मागणे ही खैरात नव्हे, हक्क आहे.

जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने २४,६८० वंचित गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. भारत संचार निगमच्या स्वदेशी ४जीचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. त्यावेळी ९७,५०० हून अधिक टॉवर राष्ट्राला अर्पण करण्यात आले. डोंगरातील ज्या वाड्यांत निगमखेरीज दुसऱ्याची रेंजच नव्हती, त्यांनी खासगी ४जी नंतर तब्बल नऊ वर्षे वाट पाहिली. दरम्यान जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी आपले दर सुमारे १० ते २५ टक्क्यांनी वाढवले आणि अमर्याद ५जी मोठ्या पॅकपुरते ठेवले. ही वाढ गाव पाहून झाली नाही, सेवा मात्र गाव पाहून मिळते.

सब्र म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे

आपल्या गावांत या प्रश्नावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया आढळतात. काही जण म्हणतात, "येईल तेव्हा येईल." काही बुजुर्ग म्हणतात, "मोबाईलने तरुण बिघडतात, रेंज नाही तेच बरे." बुजुर्गांची चिंता खोटी नाही. परंतु ज्याला रात्रभर चित्रफिती पाहायच्या आहेत तो टेकडीवर जाऊन पाहतोच. अडतो तो दुकान सोडून टेकडीवर जाऊ न शकणारा व्यापारी. राहिले सब्राचे. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण सारे जाणतो. कोकणात प्रत्येक मोहल्ल्याची जमात आहे. ती मशिदीचा, कब्रस्तानाचा हिशेब चोख ठेवते. तिने व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन हेही काम हाती घ्यावे. शिवाय हा प्रश्न एकट्या मोहल्ल्याचा नाही. शेजारची कुणबीवाडी आणि कोळीवाडाही त्याच टॉवरखाली आहेत. मागणी सर्वांची मिळून गेली तर तिला वजन येईल.

प्रथम मोजणी करावी. एका वहीत पंधरा दिवस नोंद ठेवावी : ठिकाण, तारीख, वेळ, कंपनी, कॉल लागला की कटला, इंटरनेटचा वेग किती. वेग मोजण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे म्हणजे ट्रायचे मायस्पीड हे अ‍ॅप आहे. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कोठे कोणती सेवा आहे याचा नकाशा कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. आपली वही त्या नकाशाशी ताडून पाहावी. नकाशात रंग आहे आणि वहीत रेंज नाही, असे आढळले तर याहून मोठा पुरावा नाही. याच नियमांप्रमाणे जिल्हा स्तरावर सेवा २४ तासांहून अधिक काळ खंडित राहिली तर ग्राहकाला बिलात सूट किंवा मुदतवाढ द्यावी लागते. वादळ-पावसाच्या दिवसांत हे ध्यानात ठेवावे.

दुसरे, तक्रार तोंडी करू नये. कंपनीच्या केंद्रात नोंदवून क्रमांक घ्यावा. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जावे. मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तिसरे, मागणीपत्रात केवळ गाऱ्हाणे नसावे. दुकाने किती, घरे किती, आंब्याचे व मासळीचे व्यवहार किती, मे महिन्यात, ईदला आणि गणपतीत चाकरमानी आल्यावर वस्ती किती वाढते, हे आकड्यांनिशी लिहावे. कंपनीला गिऱ्हाईक दिसले पाहिजे. ग्रामसभेचा ठराव जोडावा. टॉवरसाठी वाजवी भाड्याने जागा सुचवावी. जागा वक्फची असेल तर रीतसर परवानगीवाचून एक पाऊलही टाकू नये. निधीतून होणारा टॉवर असेल तर तेथे अनेक कंपन्यांच्या ग्राहकांना सेवा मिळावी असा आग्रह धरावा. अशा टॉवरवर एकमेकांचे नेटवर्क वापरण्याची सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. "तुमच्या जागेत टॉवर बसवतो, आधी अनामत भरा" अशी पत्रे व फोन येतात. ही शुद्ध फसवणूक आहे. ट्राय असे कोणतेही परवानापत्र देत नाही आणि टॉवरवाली कंपनी जागामालकाला भाडे देते, त्याच्याकडून पैसे मागत नाही. उलट दुसरीकडे, खराखुरा टॉवर येऊ घातला की किरणांच्या भीतीने त्याला विरोध होतो. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे. ज्याला शंका असेल त्याला दूरसंचार विभागाच्या तरंग संचार संकेतस्थळावरून शुल्क भरून मोजणी करून घेता येते. मोजणी न करता विरोध करायचा आणि नंतर रेंज नाही म्हणून रडायचे, हे शहाणपणाचे नाही.

टॉवर येईपर्यंत बाजारपेठेतील दहा दुकानदारांनी मिळून फायबरची एक जोडणी घेता येते काय, हे पाहावे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची भारतनेट योजना २०११ पासून चालू आहे. आपल्या पंचायतीतील जोडणी चालू आहे की पेटी नुसती भिंतीवर टांगली आहे, हे सरपंचांना विचारण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. घरात किंवा दुकानात वायफाय असेल तर बहुतेक नव्या फोनवरून मोबाईलची रेंज नसतानाही कॉल लागतो. निगमचे जुने सिम असेल तर ४जी सिम बदलून घ्यावे, नाहीतर टॉवर येऊनही फोन जुन्याच सेवेवर राहील.

गिऱ्हाइकाने वजन तपासले नाही तर तराजू सुधारत नाही, हे प्रत्येक दुकानदार जाणतो. दुकानात बसून तो रोज स्वतःचे माप पुरे देतो. तेवढ्याच चोखपणे त्याने स्वतःला मिळणारे मापही तपासावे. पुढच्या जुम्याच्या नमाजनंतर जमातीच्या चार जबाबदार माणसांनी एक वही घेऊन बसावे. पहिली नोंद त्याच दिवशी करता येईल.