चोर बीटी एआयला सापडेल का?

10 जून 2019 रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी सरकारी परवानगी नसलेले, ‘चोर बीटी’ म्हणून ओळखले जाणारे तणनाशक-सहनशील एचटीबीटी कापसाचे बियाणे उघडपणे पेरले. या आंदोलनावर आज कुणाला पीएच.डी. करायची असेल, तर ग्रंथालयाची कपाटे धुंडाळण्याआधी तो संगणकालाच विचारणार. स्कोपस एआय, प्रायमो रिसर्च असिस्टंट, एलिसिट ही साधने सरळ वाक्यातला प्रश्न घेतात आणि संदर्भांसह आयते उत्तर हाती ठेवतात.

साधने कामाची आहेत, यात वाद नाही. जुना शोध अक्षराला अक्षर जुळवायचा. ‘पिंक बोलवर्म’ टाइप केले की ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ एवढे शास्त्रीय नावच असलेला लेख निसटायचा. नवा शोध अर्थ जुळवतो. मात्र प्रायमोचा सहायक जेमतेम पाच संदर्भांच्या सारांशांवर उत्तर बेततो. अख्खा प्रबंध तो वाचत नाही.

आणि वऱ्हाडातला मराठी प्रबंध त्या पाचांत यायचा कसा?

यूजीसीच्या 2009च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने उभारलेल्या शोधगंगेत आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे प्रबंध कृषिकोश या डिजिटल भांडारात मिळतात. पण चढवलेला प्रत्येक प्रबंध शोधात सापडतोच असे नाही. कितीतरी मराठी प्रबंध कृतिदेव किंवा श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. पडद्यावर ‘कापूस’ स्वच्छ दिसतो. कृतिदेवमधला तोच शब्द कॉपी करून साध्या फाइलमध्ये चिकटवला, की डी, के, आय, डब्ल्यू, एल ही रोमन अक्षरे उमटतात. यंत्राला दिसतात ती हीच. स्कॅन केलेल्या पानात तर तेवढेही नाही, नुसते चित्र.

परिणामी उत्तर येते ते इंग्रजी नियतकालिकांच्या भरवशावर. त्यात जनुक असते, तणनाशक असते. निंदणाला मजूर न मिळाल्याने ‘चोर बीटी’कडे वळलेला शेतकरी राहून जातो. उत्तर मात्र इतके नीटनेटके असते, की काही सुटल्याची शंकाही येत नाही.

25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके. बाहेरचे ज्ञान विकत घेण्यावर एवढा खर्च होत असताना घरचे प्रबंध वाचण्याजोगे करायला पैसा नाही, ही सबब चालणार नाही. वऱ्हाडातल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने प्रबंध स्वीकारतानाच युनिकोड फाइल आणि मराठी-इंग्रजी दोन्ही सारांश मागावेत. जुन्या फाइलींसाठी फॉन्ट बदलणारी साधने आहेत, स्कॅनसाठी देवनागरी ओळखणारे ओसीआर आहे. चुका तपासायला माणूस मात्र नेमावा लागेल.

तोवर अकोटच्या संशोधकाने एआयच्या उत्तरावर न थांबता शोधगंगेत विद्यापीठ आणि विभाग निवडून शीर्षकांची यादी स्वतः चाळावी. शीर्षकाची नोंद फाइलपासून वेगळी भरलेली असते. रोमन लिपीत का होईना, मराठी प्रबंध तिथे निदान नावाने तरी भेटतो.